आपल्या मेंढराचे मांस : त्याचे गुण आणि आपली जबाबदारी

(जामखेड येथील समाजमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात कोणत्या विषयावर बोलणार, असे आपल्या चिटणीसांनी मला विचारले, तेव्हा ‘मेंढराचे मांस’ असे उत्तर मी दिले. ते ऐकून त्यांनी प्रथम माझ्या गळ्यातील तुळशीच्या माळेकडे पाहिले आणि मग माझ्या तोंडाकडे. त्यांचे आश्चर्य रास्त होते. निवृत्त शिक्षकाने शिक्षणावर बोलावे, फार तर व्यसनमुक्तीवर बोलावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. त्यात मी गेली पंचवीस वर्षे माळकरी. आणि या सभेत माझ्यासारखे माळकरी पुष्कळ आहेत. परंतु आपण स्वतः खावो अथवा न खावो, आपल्यापैकी ज्यांच्या दारी आज मेंढरे आहेत त्यांची चूल मांसाच्या पैशावर पेटते, ही गोष्ट माळेने झाकली जात नाही. जे आपल्याला पोसते त्याचे गुणदोष समजून घेणे हे माळकऱ्यालाही वर्ज्य नसावे.

एक काळ असा होता की मेंढी म्हटली म्हणजे लोकर, असे समीकरण होते. आपल्या मेंढरांची काळी राठ लोकर सणगर बांधव घेत, तिचे घोंगडे होई, आणि त्या घोंगड्याला घराघरांत मान होता. पुढे गिरणीचे ब्लँकेट आले, कृत्रिम धागा आला, आणि लोकरीचे मोल इतके उतरले की कातरणीची मजुरीही पुष्कळदा तिच्यातून सुटत नाही. शेतात मेंढरे बसविल्याबद्दल मिळणारे धान्य अथवा रोकड हे दुसरे उत्पन्न. ते अजून आहे, पण त्यावर संसार चालत नाही. राहिले ते कोकरू. आज धनगराच्या घरात येणारा मोठा पैसा हा नर कोकराच्या विक्रीचा आणि म्हणून मांसाचा पैसा होय. 2019 च्या पशुगणनेत भारतात 7 कोटी 42 लाखांवर मेंढरे मोजली गेली. त्यांतील आपल्या महाराष्ट्रातील सुमारे 27 लाख. शेजारच्या तेलंगणात हीच संख्या 1 कोटी 90 लाखांच्या घरात आहे. म्हणजे संख्येच्या बळावर आपण बाजार जिंकू, ही आशा व्यर्थ आहे. आपल्याला गुणाच्याच बळावर उभे राहावयाचे आहे.

मला आज सांगावयाचे आहे ते इतकेच : आपल्या मेंढराचे मांस जातीने हलके नाही. ते हलके ठरते ते आपल्या हातून, आणि पुष्कळदा त्या जनावराच्या शेवटच्या काही दिवसांत किंवा शेवटच्या काही तासांत. जे आपल्या हातून बिघडते ते आपल्या हातून सुधारूही शकते, हाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम एक कबुली देतो. शिक्षक असताना मी वाड्यावरच्या कित्येक पोरांना शाळेत ओढून आणले. त्याचा मला अभिमान आहे. परंतु त्यांना आणताना माझ्या तोंडून नेहमी एक वाक्य निघे, ‘मेंढरामागे फिरून काय मिळणार?’ शाळेत ये, हे सांगणे बरोबर होते. पण मेंढराला हलके लेखणे चूक होते. त्यातला एक मुलगा पुढे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन आला आणि मला म्हणाला, ‘गुरुजी, तुम्ही ज्याच्यापासून मला सोडवले त्याचेच पुस्तक मी चार वर्षे वाचले.’ त्या दिवशी मला जरा ओशाळल्यासारखे झाले. मग मीही वाचू लागलो, जाणत्यांना विचारू लागलो. आज जे सांगतो ते त्या उशिराच्या अभ्यासाचे फळ आहे.

आपल्या मेंढराला शास्त्रात दख्खनी असे नाव आहे. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण अशा कोरड्या पठारावर ती पसरलेली आहे. आपल्याकडे तिचे लोणंदी, सांगोल्याकडील सोलापुरी, संगमनेरी आणि कोल्हापुरी असे प्रकार मानतात. जत तालुक्यातील माडग्याळ गावच्या नावाने ओळखली जाणारी उंच, बाकदार नाकाची मेंढी ही वेगळी. दख्खनी मेंढी अंगाने लहान. प्रौढ मेंढीचे वजन साधारण 25 ते 30 किलो, नराचे 35 ते 40. थंड मुलखातील लठ्ठ मेंढ्यांची चित्रे पाहून आपली पोरे म्हणतात, ‘आपली मेंढी म्हणजे नुसती हाडे.’ पण हे शरीर कोणत्या मुलखासाठी घडले आहे ते पाहावे. लांब पाय, हलके अंग, विरळ लोकर, उन्हात मैलोगणती चालण्याची ताकद, कुसळी गवतावर आणि बाभळीच्या शेंगांवर निभावण्याची सवय, हे सारे बालाघाटाच्या पायथ्याच्या आपल्या माळरानाने तिला शिकविलेले आहे.

या शरीररचनेचा मांसाशी निकटचा संबंध आहे. थंड देशातील मेंढी आपली चरबी कातडीखाली सर्वांगावर थरासारखी साठविते. ती तिची गोधडीच होय. उष्ण देशात अंगावर अशी गोधडी पांघरून जनावर जगणार नाही, कारण आतील उष्णता बाहेर पडावयास वाट राहत नाही. म्हणून उष्ण मुलखातील मेंढ्या चरबी साठवितात ती पोटात, आतड्यांच्या व मूत्रपिंडांच्या भोवती. काही जाती शेपटीत अथवा ढुंगणावर साठवितात. याचा परिणाम असा की आपल्या मेंढराच्या मांसावर चरबीचा जाड थर नसतो. मांस कोरडे, म्हणजे बिनचरबीचे असते, आणि चालण्याच्या कष्टामुळे त्याचा रंग गडद लाल असतो. कारण कष्ट करणाऱ्या स्नायूत प्राणवायू साठविणारे लाल द्रव्य अधिक असते. खाणाऱ्याच्या प्रकृतीच्या दृष्टीने कमी चरबी हा दोष नव्हे, गुण आहे.

आपल्या मुलखात मेंढराच्या मांसाला एक जुने मानाचे गिऱ्हाईक आहे, त्याची आठवण येथे करणे अगत्याचे आहे. पुण्याजवळ हवेली तालुक्यात वाडे बोल्हाई हे देवीचे ठाणे आहे. बोल्हाईला मानणारी घराणी शेळी-बोकडाचे मांस खात नाहीत. त्यांना मेंढराचेच चालते. म्हणून पुण्याकडील दुकानांवर आजही ‘बोल्हाईचे मटण’ अशी पाटी दिसते. इतर पुष्कळ गिऱ्हाइके मात्र बोकडाचे मटण श्रेष्ठ आणि मेंढराचे दुय्यम मानतात. कारण विचारले तर ‘वास येतो’ किंवा ‘तोंडाला चिकटते’ असे सांगतात. या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, पण दोहोंचीही कारणे ठाऊक झालेली आहेत.

तोंडाला चिकटते ती चरबी. मेंढराची चरबी लवकर थिजते. म्हणून रस्सा निवाला की ती ओठांना जाणवते. माझी आई मेंढराच्या मांसाची जास्तीची चरबी पहिल्यानेच काढून ठेवी आणि जेवण कढतच वाढी. ‘मेंढराचं खायचं तर ताटावर वाट बघायची नाही,’ हे तिचे वाक्य मला आठवते. शास्त्र तिला ठाऊक नव्हते, पण रीत ठाऊक होती.

वासाचे कारण अधिक महत्त्वाचे. 1970 नंतरच्या दशकात न्यूझीलंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की मेंढराच्या मांसाचा विशिष्ट वास त्याच्या चरबीतील काही फाटे फुटलेल्या मेदाम्लांमुळे येतो. ही आम्ले वयाबरोबर वाढतात, आणि वयात आलेल्या नरात अधिक असतात. म्हणजे वास हा मेंढराच्या जातीला चिकटलेला कलंक नव्हे. तो वयाचा व चरबीचा गुण आहे. आदत कोकराचे, म्हणजे ज्याचे दुधाचे दात पडले नाहीत अशाचे मांस आणि चारदाती एडक्याचे मांस ही दोन वेगळी मांसे आहेत. दुकानदार दोन्ही एकाच आकड्याला टांगतो, दुसरे खाऊन गिऱ्हाईक नाराज होते, आणि दोष मात्र साऱ्या मेंढरजातीला लागतो.

वयाचा दुसरा परिणाम मऊपणावर होतो. स्नायूंच्या तंतूंना बांधून ठेवणारे एक चिवट द्रव्य असते. लहान जनावरात ते शिजताच विरघळते आणि रश्श्याला दाटपणा देते. जनावर जसजसे वयस्क होते तसतसे त्या द्रव्याचे धागे एकमेकांत घट्ट गुंतत जातात. मग कितीही शिजविले तरी ते पुरते सुटत नाहीत. म्हणून दात पाहून घेण्याची आपल्या वाडवडिलांची रीत केवळ सौद्याची नव्हती. पहिली जोडी पडून दोन कायमचे दात आले म्हणजे जनावर वर्ष-सव्वा वर्षाचे झाले. चार दात म्हणजे सुमारे दोन वर्षांचे. मांसासाठी उत्तम वय त्याच्या आतले. परंतु आपल्याकडे दुसऱ्याही टोकाची चूक होते. हाताला पैसा हवा म्हणून तीन-चार महिन्यांचे, पुरते न भरलेले कोकरू आपण विकून टाकतो. त्याचे मांस मऊ असते खरे, पण अंगावर ते असते किती? तेच कोकरू आणखी तीन-चार महिने नीट चारले, तर मऊपणा न गमावता त्याचे वजन पुष्कळ वाढते. ती वाढ आज आपण दुसऱ्याच्या दावणीला फुकट देतो.

आता चाऱ्याविषयी. मोकळ्या रानात हिरवे खाणाऱ्या मेंढराच्या चरबीत शरीराला हितकर अशी काही मेदाम्ले, निव्वळ धान्यावर पोसलेल्या जनावरापेक्षा, अधिक आढळतात. हिरव्या पाल्यातून येणाऱ्या ई जीवनसत्त्वामुळे मांसाचा लाल रंगही जास्त वेळ टिकतो. हा आपल्या भटकंतीचा नफा आहे. तो कोणी सांगत नाही म्हणून आपणच सांगितला पाहिजे. परंतु रान आटले की नुसत्या वाळल्या काडीवर कोकरू भरत नाही. तेव्हा तुरीचा भुसा, हरभऱ्याचे टरफल, शेंगदाण्याची पेंड, भरडलेला मका यांची जोड द्यावी. मात्र हळूहळू वाढवीत द्यावी. एकदम धान्य पुढे टाकले तर पोटात आंबते आणि आंत्रविषाराने चांगली चांगली कोकरे रात्रीत पाय खोडतात. त्या रोगाची लस आहे. पावसाळ्यापूर्वी ती टोचून घेण्यास आळस करू नये. आपल्या जिल्ह्यात कांदा पुष्कळ. टाकाऊ कांद्याच्या ढिगावर मेंढरे सोडण्याची सवय वाढत आहे. कांदा प्रमाणाबाहेर पोटात गेला की रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि जनावर पांढरे फटक पडते. तसेच औषध फवारलेल्या कपाशीत मेंढरे घालू नयेत. जंताचे अथवा तापाचे औषध दिल्यावर किती दिवसांपर्यंत ते जनावर कापू नये, हे बाटलीवर छापलेले असते. तेवढे दिवस थांबणे हे कायद्याच्या भीतीने नव्हे, तर खाणाऱ्याच्या लेकरांच्या काळजीने पाळावे.

यानंतर मी येतो तो माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे, म्हणजे जनावराच्या शेवटच्या दिवसाकडे. येथे घरचीच एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने ऐन मे महिन्यात पंधरा-वीस कोकरे एका टेम्पोत दाटीवाटीने भरून शहराच्या बाजारात पाठविली. रात्रभराचा प्रवास, पाणी नाही, गाडी वळली की एकमेकांच्या अंगावर पडायची. कोकरे चांगली होती. घरची, वर्षाच्या आतली. ज्याने ती घेतली तो दुसऱ्या खेपेला म्हणाला, ‘तुमच्या मालाचं मटण काळं पडतं, गिऱ्हाईक हात लावत नाही.’ त्याने भाव पाडला. पुतण्याला वाटले, हा व्यापारी लबाड. मलाही तसेच वाटले. पुढे त्या पशुवैद्य विद्यार्थ्याने मला उलगडा करून दिला, तेव्हा समजले की व्यापारी खरे बोलत होता आणि चूक आमची होती.

तो उलगडा असा. जिवंत स्नायूत साखरेसारख्या एका द्रव्याचा साठा असतो. कापल्यानंतर त्या साठ्याचे आम्ल बनते, आणि त्या आम्लामुळे मांस योग्य प्रमाणात आंबट होते. जिवंतपणी त्याचा आम्लतेचा अंक, ज्याला सामू म्हणतात, सुमारे 7 असतो; तो उतरून 5.5 ते 5.8 पर्यंत यावा लागतो. असे झाले की मांस तांबूस, रसदार व टिकाऊ होते. परंतु भीती, तहान, मारझोड, दाटी, धावपळ यांत तो साठा आधीच खर्च झाला, तर आम्ल बनावयास काही उरतच नाही. सामू 6 च्या वर राहतो. मांस काळसर, घट्ट, चिकट दिसते आणि लवकर नासते. म्हणजे त्या रात्री टेम्पोत जे हाल झाले त्यांचा हिशेब सकाळी आकड्यावर लिहिला गेला होता. मुक्या जनावराने तक्रार केली नाही. त्याच्या मांसाने केली.

यावर उपाय खर्चाचा नाही. प्रवासाला निघण्यापूर्वी पाणी पाजावे. दिवस टाळून रात्री अथवा पहाटे न्यावे. गाडीत पायाखाली गवत किंवा वाळू पसरावी. दाटी करू नये. पायाला धरून फेकू नये, लोकर उपटीत ओढू नये. लोकर धरून ओढली की कातडीखाली रक्त साकळते आणि तो भाग काढून टाकावा लागतो. पोहोचल्यावर सावलीत विसावा व पाणी द्यावे. 2001 च्या कत्तलखाना नियमांत जनावराची तपासणी झाल्यावर कापण्यापूर्वी 24 तासांच्या विश्रांतीची तरतूद आहे. आपण वारकरी मंडळी भूतदयेचे अभंग गातो. जे मरणाच्याच वाटेवर आहे त्याला शेवटचा दिवस तरी सुखाचा द्यावा, एवढी भूतदया या धंद्यातही शक्य आहे. आणि शास्त्र सांगते की धंद्याचे हितही तिच्यातच आहे.

मांस कापल्यानंतरही बिघडू शकते, हे जगाला एका दूर देशाच्या अनुभवावरून कळले. न्यूझीलंडमधून 1882 साली ‘ड्युनेडिन’ नावाच्या जहाजातून गोठविलेले मांस इंग्लंडला पहिल्यांदा गेले आणि तेथील मेंढपाळांचे नशीब पालटले. पण पुढे गोठविण्याची यंत्रे वेगवान झाली तशी कोवळ्या कोकराचेही मांस चिवट लागते अशा तक्रारी येऊ लागल्या. 1960 नंतरच्या दशकात तेथील संशोधकांनी कारण शोधले. कापल्यानंतर काही तासांनी स्नायू ताठरतात, हे आपण जाणतोच. ते ताठरण्यापूर्वीच मांस 10 अंशांखाली गार केले, तर तंतू आखडतात आणि ते आखडलेलेच राहतात. यातून आपल्या घरच्या भगिनींनी एवढे घ्यावे : ताजे, अजून कोमट असलेले मांस आणून एकदम बर्फाच्या कप्प्यात कोंबू नये. त्याच दिवशी करावयाचे असेल तर आणताच चुलीवर चढवावे. मंद आचेवर, आधी आळणी शिजू द्यावे, तिखट-मसाला मागाहून घालावा. मांस जून वाटले तर कच्च्या पपईचा लहानसा तुकडा घालावा. तिच्यातील पाचक द्रव्य तंतू तोडते. दुकानावर उघड्यावर, माशांच्या सोबतीने टांगलेले मांस मात्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार मांसाच्या दुकानालाही नोंदणी अथवा परवाना लागतो. तो विचारण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे.

आता एका मोहाविषयी सांगतो. आपल्या तरुणांत सध्या मोठ्या, देखण्या, परमुलखी एडक्याचे वेड आहे. माझ्याच भावकीत एकाने असा एडका मोठी रक्कम मोजून आणला. त्याची कोकरे खरोखर भरदार झाली आणि सारे गाव पाहावयास आले. पुढे उन्हाळ्यात वाडा चाऱ्यासाठी गोदावरीकाठाकडे निघाला, तेव्हा तीच कोकरे रोज मागे पडू लागली. जुनी काळी मेंढी पुढच्या मुक्कामी पोहोचून रवंथ करीत बसलेली असे आणि ही सावली शोधीत वाटेतच थांबत. त्यांच्यासाठी मजल निम्मी करावी लागली. निम्म्या मजलेत चारा मिळेना. मी 1972 चा दुष्काळ पाहिला आहे. माझे वडील पन्नासेक मेंढरे घेऊन याच वाटेने गेले होते आणि त्यांपैकी वीस घेऊन परत आले. ती वीस का जगली, याचे उत्तर त्यांच्या लहान अंगात आणि थोडक्यात भागविण्याच्या गुणात होते. त्या विसांच्या वंशावर आमच्या घराने पुढची वर्षे काढली आणि माझी मॅट्रिकची फी भरली गेली.

याचा अर्थ सुधारणा करूच नये असा नव्हे. दक्षिण आफ्रिकेत 1930 नंतरच्या काळात डॉर्पर ही मांसाची प्रसिद्ध जात तयार झाली, तीही निव्वळ विलायती रक्ताची नाही. इंग्लंडच्या डॉर्सेट हॉर्नशी सोमाली मुलखाकडील काळ्या तोंडाच्या, उष्णता सोसणाऱ्या मेंढीचा संकर करून ती घडविली. आपल्याकडे याहूनही शहाणपणाचे उदाहरण आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत कै. बनबिहारी निंबकर आणि त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी 1990 नंतरच्या दशकात बंगालच्या सुंदरबनातील गरोळ नावाच्या चिमुकल्या मेंढीकडे लक्ष वेधले. ती मेंढी अंगाने अगदी लहान, पण जुळी-तिळी देणारी. तिच्यातील जुळ्यांचा तो एकच गुण पिढ्यान्‌पिढ्या निवडून त्यांनी दख्खनी मेंढीत आणला, आणि बाकी अंग दख्खनीच ठेवले. कोकरात तो गुण आहे की नाही हे रक्ताच्या तपासणीने कळते, आणि त्या कामी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे साह्य झाले. हीच ‘नारी सुवर्णा’ मेंढी. दोन कोकरे झाली तर आईला दूध पुरावे म्हणून तिला वरकड खुराक द्यावा लागतो, ही अट मात्र विसरता कामा नये. नाहीतर एका भरल्या कोकराऐवजी दोन मरतुकडी कोकरे पदरी पडतात. आपल्याच जिल्ह्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीवर निवड पद्धतीने काम झालेले आहे. आपल्या चौंडीच्या कन्येचे, पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव धारण करणारे मेंढी व शेळी विकास महामंडळही पुण्यास आहे. 2017 साली सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत 20 मेंढ्या व 1 नर यांसाठी 75 टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. नर आणावयाचा तर अशा ठिकाणाहून, आईबापांची नोंद पाहून आणावा. आणि दर दोन वर्षांनी बदलावा, म्हणजे जवळच्या नात्याचा दोष कळपात उतरणार नाही.

शेवटी विक्रीविषयी बोलून आपली रजा घेतो. वर सांगितलेले सर्व गुण आपण कोकरात आणले, तरी बाजारात त्यांची किंमत होणार कशी? आजही आपला पुष्कळसा सौदा नगावर आणि रुमालाखालच्या बोटांवर होतो. घेणारा रोज दहा जनावरे घेतो. त्याचा हात म्हणजे तराजू झालेला असतो. आपण वर्षातून एकदोनदा विकतो. आपला अंदाज चुकतो आणि तो नेहमी आपल्याच विरुद्ध चुकतो. गणित सोपे आहे. जिवंत वजनाच्या साधारण 45 ते 48 टक्के मांसाचा उतारा पडतो. 30 किलोच्या कोकरापासून 14 किलोच्या आसपास मांस मिळेल. शिवाय कातडे, मुंडी-पाय, काळीज वेगळे. मांसाचा त्या दिवशीचा भाव शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. मग वजन ठाऊक नसल्यामुळेच आपण अडाणी ठरतो. पहाटे, पाणी पाजण्यापूर्वी वजन करावे, म्हणजे पोटातल्या पाण्याचा वाद राहत नाही. कोकराच्या जन्माची तारीख, वजन, दिलेली लस व औषध यांची एक वही ठेवावी. ज्या घरात मुले शाळेत जातात त्या घरात ही वही लिहिण्यास कोणी नाही, असे होऊ नये. मी ज्या पोरांना वाड्यावरून ओढून आणले त्यांच्या अक्षराचा मेंढराला झालेला हा पहिला उपयोग ठरेल.

म्हणून माझी मंडळाला नम्र सूचना आहे की, मंडळाच्या मालकीचा एक वजनकाटा असावा. बाजाराच्या आदल्या दिवशी तो गावोगावच्या वाड्यांवर फिरावा, आणि कोणाही समाजबांधवाने आपले कोकरू त्यावर विनामूल्य तोलावे. या पहिल्या काट्याचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून देतो. तो स्वीकारावा, अशी अध्यक्षांना विनंती आहे. ज्या तोंडाने मी चाळीस वर्षे ‘मेंढरामागे फिरून काय मिळणार’ असे विचारले, त्या तोंडाचे हे प्रायश्चित्त समजा. काय मिळणार, याचे उत्तर आता त्या काट्यावर वाचता येईल.